डाव्या चाकाच्या दोन पिना

चिपळूणहून निघताना माझ्या पिशवीत दोन शर्ट, गाडीच्या विम्याचे नवे कागद आणि बायकोने मामीसाठी बांधून दिलेलं कुळथाचं पीठ होतं. जाताना एसटीने जायचं आणि येताना मामाची गाडी स्वतः चालवत आणायची, असा साधा सरळ बेत. "शुक्रवारी पोचतो, शनिवारी परत," असं मी ऐटीत सांगितलं. बायकोने पिशवीत तिसरा शर्ट कोंबला.

परळच्या डेपोत उतरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. तिथून लालबाग चालत पंधरा मिनिटं. उंच काचेच्या इमारती दरवेळी थोड्या जास्त झालेल्या दिसतात, पण त्यांच्या पायाशी मसाल्याची दुकानं आपली जागच्या जागी आहेत. इतक्या सकाळीही एका दुकानात मिरच्या भाजायला घेतल्या होत्या. दोनदा सणसणीत शिंकलो आणि मामीच्या गल्लीत शिरलो.

मामाला जाऊन चार वर्षं झाली. त्याची दुधी रंगाची जुनी गाडी तेव्हापासून इमारतीच्या जिन्याशी उभी आहे. याच गाडीवर मामाने मला चालवायला शिकवलं होतं आणि गिअर करकरला की डोक्यात टपलीही मारली होती. आता सोसायटीने फळ्यावर सूचना लावली होती: बंद गाड्या रविवारपर्यंत हलवा, नाहीतर क्रेन बोलावून उचलू. मामीने मला फोन केला तो यासाठीच. "गाडी तुझी," ती म्हणाली होती. "पण एक ऐक. ती आपल्या चाकांवर जायला हवी. मामांना चौघांनी उचलून नेलेलं बघितलंय मी. हिला उचलून नेलेली बघणार नाही."

गाडी मात्र चकाचक होती. काच पुसलेली, चाकं धुतलेली, जिन्याच्या बाजूची फरशी अजून ओलीच. उजवी बाजू भिंतीला खेटून होती, त्यामुळे दारही डावीकडूनच उघडायचं. मी नवी बॅटरी आणून बसवली, आणि इंजिन थोडं खोकून चक्क सुरू झालं. मामी वरून गॅलरीतून बघत होती. मी तिला हात केला, गिअर टाकला, क्लच सोडला. गाडीने नाक खाली घातलं आणि जागची हलली नाही.

चिपळूणच्या वाचकांना थोडं समजावून सांगतो, कारण मलाही ते त्याच दिवशी कळलं. चाकामागे एक लोखंडी तबकडी फिरते. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटतात. हे पॅड ज्या लोखंडी कवचात बसतात त्याला कॅलिपर म्हणतात, आणि ते निसटू नयेत म्हणून कवचाच्या आरपार बोटभर लांबीच्या दोन पिना घातलेल्या असतात. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की पॅड तबकडीला चिकटतात. पिना निघाल्या तर पॅड निघतील आणि पॅड निघाले तर चाक सुटेल. पिना गंजून बसल्या असतील तर मात्र सगळंच घोडं अडतं.

मोबाइलवर बघून मी पुढचं डावं चाक उतरवलं. पिनेच्या टोकाची क्लिप निघाली तेव्हा मला स्वतःविषयी फार आदर वाटला. आता फक्त ठोकायचं होतं. घरात हातोडी सापडेना. मामीने घरातून खलबत्त्याचा लोखंडी बत्ता खाली आणून दिला. मी खालच्या पिनेवर तो दणादण हाणला. दहाव्या घावाला पिनेचं टोक चेपून बटणासारखं पसरलं आणि पिन होती तिथेच राहिली.

मग मात्र निमूटपणे सुनीलभाऊंना बोलवायला गेलो. मामाच्या गाडीचं सगळं काम त्यांच्याकडेच असायचं. लालबागच्या उड्डाणपुलाच्या अलीकडे त्यांचं छोटं गॅरेज, आत बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली ओळीने टांगलेले पाने. वय पंचावन्नच्या आसपास, आवाज कायम खालच्या पट्टीतला. येताना वाटेत तीन जणांनी त्यांना "जय भीम" घातला आणि तिघांशीही ते उभे राहून बोलले. मी मनातून चडफडत होतो.

चाकाशी उकिडवे बसून त्यांनी टोक बोटाने चाचपलं.

"हे कोणी ठोकलं?"

"मी."

"कशाने?"

"बत्त्याने."

"काय मसाला करायचा होता काय?" असं म्हणून ते पहिल्यांदा हसले. "आता हे फुगलेलं टोक भोकातून जाणारच नाय. तुमी वाट बंद केली ना भाऊ."

त्यांनी डावं चाक तात्पुरतं परत चढवलं, सहा-सात जणांना हाताशी घेऊन गाडी ढकलत, चाकं घासत, भिंतीपासून हातभर बाजूला सरकवली आणि आधी उजवं चाक घेतलं. गंजावरचं तेल सोडलं, सुंबा (पिन ठोकून बाहेर ढकलायची पोलादी कांडी) लावला, चार टिचक्या मारल्या. पिना लोण्यातून निघाव्यात तशा निघाल्या. डावीकडे मात्र वरची पिनही ढिम्म. सुनीलभाऊ बराच वेळ दोन्ही बाजू आळीपाळीने बघत राहिले.

"एकच गाडी, एकच हवा," ते म्हणाले. "ही बाजू एवढी का खाल्ली?"

त्यांनी डाव्या पिनांवर तेल घातलं आणि ते उठले. "आज हात लावायचा नाय. रात्रभर पिऊ दे तिला. तुमी उद्या गिरगावातून नव्या पिना आणा." शनिवारी परत येतो म्हणणाऱ्या मला तिसरा शर्ट आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजवीकडची एक पिन नमुना म्हणून कागदात गुंडाळली आणि बसने गिरगाव गाठलं. वाटेत साड्यांच्या दुकानांची शटरं नुकती वर जात होती आणि बस तिथे इतकी रेंगाळली की समोरच्या काचेतल्या सगळ्या पैठण्या मला पाठ झाल्या. ऑपेरा हाऊसच्या मागच्या गल्ल्यांत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. तीन ठिकाणी नकाराची मान हलली. चौथ्या दुकानातल्या म्हाताऱ्या शेठनी पिन डोळ्यांजवळ धरली.

"ये गाडी अभी है किसके पास?" त्यांनी विचारलं.

"मामांची होती. आता माझी. म्हणजे, चालली तर."

"चलेगी," असं म्हणून ते शिडीवर चढले आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन उतरले. आतल्या ढिगातून एकेक पिन माझ्या पिनेशेजारी ठेवून मापत त्यांनी चार जमवल्या, तेही दुसरी गिऱ्हाइकं ताटकळत असताना. कोणीही कुरकुर केली नाही. उलट एकाने डब्यात हात घालून शोधायला मदत केली. चिपळुणात मुंबईच्या माणसांविषयी मी जे काही बोलत असतो, त्यातलं निम्मं मी तिथेच मागे घेतलं.

जवळच्या खानावळीत जेवलो. बांगड्याचं तिखलं (त्रिफळं घातलेलं दाट, आंबट-तिखट कालवण), तांदळाची भाकरी आणि सोलकढी. शेजारी बसलेल्या काकांनी न विचारता माझ्या ताटात त्यांच्याकडचा कांदा ठेवला आणि पेपरात डोकं घातलं. दोन वाट्या सोलकढी प्यायलो आणि परतीच्या बसमध्ये खिडकीला टेकून झोपलो. लालबागच्या पुढे जाऊन एक स्टॉप चालत मागे आलो, ही गोष्ट घरी सांगितलेली नाही.

दुपारी सुनीलभाऊ आले. त्यांनी प्रथम कानस घेऊन मी फुगवलेलं टोक घासून पुन्हा गोल केलं. त्यालाच पाऊण तास गेला. मग ठोकणं सुरू झालं, पण ठोकणं म्हणावं असं ते नव्हतंच. दारावर हळूच टकटक करावी तसं. तीस-चाळीस टिचक्या, मग तेलाचा थेंब, मग चहा, मग पुन्हा टिचक्या. मी घड्याळ बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"घड्याळ नका बघू, आवाज ऐका," ते म्हणाले. "आता ठप्प वाजतंय ना? आतून धरलंय. सुटायला लागली की टण्ण बोलेल."

मी जमिनीवर बसून ऐकू लागलो. ठप्प, ठप्प, ठप्प. गल्लीतला गोंगाट हळूहळू कानाआड गेला. तासाभराने वरच्या पिनेचा आवाज थोडा पातळ झाला, मग आणखी पातळ, आणि मग खरंच टण्ण. पिन नखभर सरकली. त्या नखभर सरकण्याने मला जो आनंद झाला तो सांगून पटायचा नाही. ती पूर्ण बाहेर आली तेव्हा मी तिला हातात घेऊन उगाच फिरवत बसलो. तिच्यावर गंजाचे पापुद्र्यांवर पापुद्रे होते.

सुनीलभाऊंनी तो गंज बोटांनी चुरगळला. "हा हवेचा गंज नाय," ते म्हणाले. "रोज पाणी पडलंय इथे. या एकाच चाकावर. वरून पाइप गळतो काय?"

मामी चहाचे पेले घेऊन जिन्यात उभी होती. ती पुढे आली नाही.

"पाइप नाही रे सुनील," ती म्हणाली. "मी घालते. सकाळी तांब्याभर."

आमच्याकडे बाहेरून आलेल्याच्या पायावर पाणी घालतात. मामा गाडी घेऊन आला की मामी चाकावर पाणी घालायची, हे मीही लहानपणी पाहिलं होतं. मला वाटलं, बिचारीला माहीतच नव्हतं. म्हटलं, "अगं मामी, तुला काय कल्पना असणार?"

"होती ना," मामी म्हणाली. "मामा रोज ओरडायचे. रोज पाणी घालू नकोस, चाक धरेल. ते असेपर्यंत ते लगेच पुसून घ्यायचे." तिने पेले पायरीवर ठेवले. "ते गेले आणि जो तो विचारायला लागला, गाडी विकणार का, गाडी देणार का. म्हटलं, धरू दे चाक. घरातलं एक तरी माणूस जागेवर राहू दे."

ती गाडीला माणूस म्हणाली हे तिच्या लक्षातही आलं नसावं. मला गाडी हवी होती, आणि त्या क्षणी ती घ्यायची माझी हिंमत होईना.

सुनीलभाऊंनी हातोडी खाली ठेवली. "मावशी, एक राहिलीये," ते म्हणाले. "काढू, की ठेवू? तुमी सांगाल तसं. सोसायटीशी मी बोलतो."

मामी गाडीकडे बघत राहिली. तिसऱ्या मजल्यावर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"काढ," ती म्हणाली. "नुसती उभी असलेली गाडी मामांना बघवायची नाही."

ती वर गेली नाही. पायरीवर बसली आणि शेवटपर्यंत बसून राहिली. खालची पिन हट्टी निघाली. सुनीलभाऊंनी गॅसची बत्ती मोजून काही सेकंद फिरवली, जास्त तापवलं तर आतलं रबर जळेल म्हणून. पुन्हा ठप्प, ठप्प. आणि कितव्या तरी टिचकीला मामीच आमच्या आधी म्हणाली, "झिला (पोरा), आवाज बदलला रे." सुनीलभाऊंनी तिच्याकडे बघून मान डोलावली आणि दोन घावांत पिन बाहेर काढली.

नवे पॅड, नवं ब्रेक ऑइल आणि गिरगावच्या चार पिना घालून गाडी संध्याकाळी चारही चाकांवर उभी राहिली. सुनीलभाऊंनी ती गल्लीत दोनदा पुढेमागे करून ब्रेक तपासले. मग मामी पुढच्या सीटवर बसली आणि आम्ही शिवाजी पार्कला एक चक्कर मारली. मैदानावर नेटमध्ये पोरं खेळत होती. एका वळणावर गिअर करकरला तेव्हा मामीने माझ्या डोक्यात टपली मारली.

रविवारी सकाळी मी निघालो. गाडी आपल्या चाकांवर फाटकातून बाहेर पडली. मामी खाली आली नव्हती, गॅलरीतही दिसली नाही. कशेडी घाटाच्या उतारावर पहिल्यांदा जोरात ब्रेक दाबला तेव्हा गाडी कुरकुर न करता थांबली आणि मी त्या दोन माणसांना मनोमन हात जोडले, एक हातोडीवाला आणि एक डबेवाला. मी बरेच प्रवास केलेत, लांबलांबचे. या खेपेला मात्र गिरगाव ते शिवाजी पार्क यापलीकडे काही पाहिलं नाही, आणि तरी कुठून तरी फार दुरून आल्यासारखं वाटत होतं.

दुपारी घरी पोचून फोन केला.

"पोचलो मामी. वाटेत काही त्रास नाही झाला."

"बरं झालं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "खालची जागा शेजारच्या पोरीने स्कूटरसाठी मागितली."

"मग?"

"लाव म्हटलं," मामी म्हणाली.