दस्त वाचणारे हात

प्रमिलाताई रणवरे यांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझं भाषण मध्येच थांबवलं तेव्हा. बारामतीत कर्णबधिरांच्या हक्कांसाठी सभा होती. पहिल्या दोन रांगांत कर्णबधिर मंडळी बसली होती आणि ताई व्यासपीठाच्या कडेला उभ्या राहून माझं बोलणं त्यांना खुणांच्या भाषेत सांगत होत्या. मी त्वेषानं येरझाऱ्या घालत होतो आणि दर वेळी नेमका त्यांच्या पुढ्यात येऊन थांबत होतो. तिसऱ्यांदा त्यांनी माझी बाही धरली.

"सर, ज्यांच्यासाठी घसा फोडताय, त्यांना तुमच्यामुळं काही दिसत नाहीये. जरा बाजूला व्हा."

मागच्या रांगा हसल्या. मला राग आला होता, हे आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या निमित्तानं कबूल करतो.

ताईंनी हयात प्राथमिक शाळेत शिकवण्यात घालवली, पण ही भाषा त्यांना शिकवली त्यांच्या कर्णबधिर धाकट्या भावानं, वसंतरावांनी. एका लग्नाच्या पंगतीत कुणी तरी विनोद केला, सगळे हसले. वसंतरावांनी खुणेनं विचारलं, काय झालं? ताई म्हणाल्या, काही नाही, नंतर सांगते. वसंतराव भरलं ताट सोडून उठले. "नंतर सांगते" हे शब्द ताईंनी त्या दिवसापासून टाकून दिले. बारामतीजवळ जळोचीतल्या त्यांच्या घरी दर रविवारी कर्णबधिर मंडळी जमतात. तिथं फालतू विनोदसुद्धा जागच्या जागी सगळ्यांना सांगितला जातो.

रविवारच्या या बैठकांना मंदाताई येत; त्याही कर्णबधिर. इंदापूर तालुक्यातल्या एका बागायती गावात त्या दोन भावांसोबत राहतात. वडिलांच्या माघारी कालव्याकडेची पेरूची बाग त्यांनीच लावली आणि वाढवली. एका दुपारी त्यांनी ताईंना व्हिडिओ कॉल केला. भाऊ उद्या मला सही करायला नेणार आहेत. कशावर, ते कुणी सांगत नाही.

ताईंनी मला सोबत घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं नोंदणी कार्यालयात पोचलो. वाटेत ताईंनी मला बजावलं होतं, "मी सांगेपर्यंत तुम्ही बोलायचं नाही." कागद हक्कसोडपत्राचा होता. मंदाताईंनी जमिनीतला सगळा हिस्सा भावांच्या नावे सोडल्याचा. नोंदणी करणाऱ्या साहेबांनी विचारलं, "बाईंना मजकूर समजावून कोण सांगणार?"

थोरले भाऊ शंकरराव पुढं झाले. "मी हाय की साहेब! ल्हानपणापासनं तिच्या खुणा मलाच कळत्यात. तिची काय बी हरकत न्हाय."

माझा तोल गेला. टेबलावर हात आपटून मी गरजलो, "ही बहीण कुठल्याही कागदावर सही करणार नाही!"

"तुमी कोन? तिचं वकील का पावणं?"

"माणूस आहे!"

"मग मानसासारखं बाहीर बसा की!"

भोवती गर्दी झाली. मंदाताईंना आमच्या तोंडांतलं अक्षरही कळत नव्हतं, ताणलेले चेहरे तेवढे दिसत होते. त्या पिशवी उचलून दाराकडं निघाल्या. शंकररावांना आयतंच मिळालं. "बगा साहेब, ह्यांनीच घाबरवली तिला!" साहेब म्हणाले, "भांडण बाहेर न्या. पुढचा दस्त घ्या." आणखी एक मिनिट गेलं असतं, तर मंदाताईंची बाजू न ऐकताच सगळं आटोपलं असतं आणि ते माझ्यामुळं झालं असतं.

 ताई वळल्या त्या माझ्याकडं, शंकररावांकडं नाही. "हे तिच्या वतीनं हो म्हणतायत, तुम्ही तिच्या वतीनं नाही म्हणताय. तिला विचारलं कुणी?"

इतकी वर्षं व्यासपीठं गाजवलेला मी टेबलापासून बाजूला झालो.

ताईंनी साहेबांकडं अर्धा तास मागून घेतला. मंदाताईंना परत आणून बसवलं, आपली खुर्ची अशी ओढली की खिडकीचा उजेड स्वतःच्या चेहऱ्यावर आणि हातांवर पडेल. मग अख्खा दस्त एकेका वाक्यानं हातांनी वाचून दाखवला. शेवटी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि त्या थांबल्या.  मंदाताईंनी कागद बाजूला सारला. मग त्यांचे हात हलू लागले आणि ताई मोठ्यानं बोलू लागल्या.

"उसाचं रान मी भावांना देते. पेरूची बाग देणार नाही. ती झाडं मी लावलीत. विहिरीचं पाणी मला मिळालं पाहिजे, आणि ते कागदावर पाहिजे."

शंकरराव चक्रावले. "आवो बाई, बाग तुमची कवापासनं झाली?"

"मी नाही बोलत. तुमची बहीण बोलतीय. तिच्याकडं बघा."

उसाचं रान द्यायचं? माझ्या तोंडात हरकत आलीच. ताईंनी हात वर करून मला अडवलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "पटत नसेल तर ते तिला तुमच्या हातांनी सांगा. भाषा शिका आधी."

तो दस्त त्या दिवशी झाला नाही. पंधरा दिवसांनी नवा झाला, मंदाताईंनी सांगितला तसा, आणि ताईंनी तोही पहिल्यापासून वाचून दाखवला. त्या दिवशी शंकरराव बहिणीसमोर बसले होते आणि न समजणाऱ्या खुणांकडं टक लावून बघत होते. मी पुढच्या रविवारपासून जळोचीला जाऊ लागलो.

वाचकहो, कर्णबधिरांविषयी कळवळा आपल्याकडं उदंड आहे. त्या कळवळ्यानं एक खूण तरी शिकली आहे का? आपल्या दवाखान्यात, बँकेत, ग्रामसभेत त्यांना त्यांच्या भाषेत विचारणारं कुणी आहे का? ताईंची बोटं आता सांधेदुखीनं आखडतात. सकाळी गरम पाण्यात हात धरल्याशिवाय ती उघडत नाहीत. तरीही कुठून बोलावणं आलं की त्या निघतात, कारण जायला दुसरं माणूस सापडत नाही. त्या बोटांचं दुखणं ही आपल्या आळसाची किंमत आहे, असं मी स्पष्ट लिहितो.

कर्णबधिर मंडळी प्रत्येक माणसाला खुणेचं नाव ठेवतात. माझं नाव, चोचीसारखी सतत उघडझाप करणारी बोटं. ताईंचं नाव, गुडघ्यांवर ठेवलेले दोन हात.

ताईंच्या पंचाहत्तरीच्या सत्काराच्या दिवशी मी भाषण करणार नाही. मंदाताई हातांनी बोलतील आणि मी फक्त त्यांचा आवाज होईन. त्यात माझा एकही शब्द घुसू नये, याची धास्ती मला आतापासून आहे. त्यांनी काय सांगायचं ठरवलंय, हे विचारलं तर म्हणाल्या, ताईंना सांगायचं की बागेत या, पेरू स्वतः तोडून खा. शंभर वर्षं या.

ताई, तुम्ही याच. तुमची बोटं तोवर उघडत राहोत. आणि पुढच्या वेळी एखाद्या मंदाताईंना कार्यालयात नेलं जाईल, तेव्हा दस्त वाचायला आमच्यातले कुणी तरी उभे असोत, आणि तुमचे हात गुडघ्यांवर निवांत असोत.