मावशींचा व्हिडिओ कॉल

शेजारच्या सुमनमावशींना जन्मापासून ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. त्यांचा मुलगा नितीन आखातात एसी दुरुस्तीचं काम करतो. तिथल्या सरकारची मोबाईलवरच्या व्हिडिओ कॉलला बंदी आहे आणि साधा फोन मावशींच्या काय कामाचा?

नितीनने एक चोरवाट शोधली होती. कसलंसं ॲप घालून तो कॉल लावायचा. मावशी गॅलरीत मोबाईल डब्याला टेकवून ठेवायच्या आणि दोन्ही हातांनी भरभरून बोलायच्या. मग त्याच्या खोलीतला एकजण त्याच ॲपपायी पकडला गेला आणि त्याला मायदेशी धाडलं.

नितीनने मला फोन केला. "ताई, आईला समजवा. आता धीर होत नाही. मी व्हिडिओ काढून पाठवत जाईन."

बंदीतून वाट काढता येतेच, असं लोक सहज म्हणतात. नितीनलाही ती काढता आली होती. पण ज्याच्या पगारावर घर चालतं, त्याने त्या वाटेने किती दिवस जावं?

काल मावशी त्याचा व्हिडिओ बघत होत्या. "जेवलीस का?" त्याने हातांनी विचारलं. मावशी सांगू लागल्या. तू वाळलास, असंही त्यांच्या बोटांनी म्हटलं. तो पुढचंच बोलत राहिला. त्यांनी तळहात उभा धरून त्याला थांबायला सांगितलं. तेवढ्यात व्हिडिओ संपला.

त्यांनी तो पुन्हा लावला. या वेळी हात मांडीवर ठेवून त्या नुसत्या बघत राहिल्या.