कौलातून बाहेर आलेलं डोकं

माझं डोकं छपराच्या बाहेर होतं आणि बाकीची मी घरात होते. बाहेर वादळ चालू होतं.

"आई, हलू नको," खालून माझा मुलगा हरेश म्हणाला. "तू डोकं घातलंस आणि धार थांबली."

मी गळती बुजवायला चढलेच नव्हते. मी चढले होते चोर बघायला. पण तोंड उघडलं की पाऊस आत जात होता, त्यामुळे खुलासा राहून गेला.

सरावलीतलं आमचं घर एकच, कौलारू, मधोमध भिंत. भिंतीच्या अलीकडे मी आणि हरेश, पलीकडे माझी धाकटी जाऊ सुमती. दोघींचे नवरे गेले, भिंत राहिली. छप्पर मात्र एकच आहे, त्यामुळे कोणाचं कौल कोणाच्या बाजूला सरकलं हा विषय आम्हाला पुरून उरतो.

आमच्याकडे दोन्ही घरांचं भाताचं बियाणं मोठ्या सुनेच्या घरात, एकाच कणगीत ठेवायची पद्धत आहे. बांबूची कणगी, शेणानं सारवलेली, माझ्या छातीएवढी उंच. चैत्रात बियाण्याला ऊन दाखवायचं, कणगी भरायची, तोंड लिंपायचं, आणि मग पेरणीपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही. त्यातलं निम्मं बियाणं सुमतीचं. म्हणून ती आठवड्यातून एकदा "सहज" यायची आणि कणगीवरचं लिंपण तपासून जायची. (मी तिचं बियाणं शिजवून खाईन अशी तिला भीती. तिच्या जागी मी असते तर रोज आले असते.)

त्या दिवशी बातम्यांत सांगितलं की वादळ गुजरातकडे जाणार. आमची जेवणं झाली आणि ते आमच्याकडे आलं. वाडीतल्या आंब्याची फांदी छपरावर आदळली, दोन कौलं फुटली, आणि पाणी पडायला लागलं ते नेमकं कणगीवर. कणगी हलवायची तर चार माणसं लागतात. हरेशने वर बादली ठेवली, ती भरून कणगीवरच सांडली. पोती टाकली, ती भिजून लिंपणाला चिकटली. भाताला पाणी लागलं की कोंब येतात, आणि कोंब आलेलं भात पेरायच्या कामाचं नाही. मग दुकानातलं बियाणं आणायचं. त्या पिशवीवर चित्र एक असतं आणि शेतात उगवतं दुसरंच.

"आई, नवी ताडपत्री कुठंय?"

डहाणू रोडच्या बाजारातून मी चांगली जाड, निळी ताडपत्री आणली होती. आणल्या दिवशी सुमती दारात उभी होती. "छान आहे गो बाय," म्हणाली. झालं. तिने एखादी वस्तू छान म्हटली की मी ती वस्तू लपवते. मागे तिने माझा दोर छान म्हणून नेला, तो परत आला दोन हात आखूड. म्हणून ताडपत्री आधी पलंगाखाली ठेवली. तिथून पेटीमागे. तिथेही तिची नजर जाईल असं वाटलं, म्हणून आणखी एका जागी. तिसरी जागा इतकी चांगली निवडली होती की मलाही सापडेना.

पलंगाखाली नाही. पेटीमागे नाही.

"नेली," मी म्हणाले.

"कोणी?"

"तुझ्या काकीने. दुसरं कोण?"

"आई, आधी पाणी बघू."

"आधी ताडपत्री बघू. ती तिच्या छपरावर असणार."

आमचा माळा अर्ध्याच खोलीवर आहे. त्याच्या कडेला उभं राहिलं की डोकं कौलांना लागतं. फुटलेल्या कौलांच्या जागी, खालच्या दोन लाकडी रिपांमधून मी डोकं बाहेर काढलं आणि सुमतीच्या बाजूला वळवलं. निळं दिसलं.

"सुमे! माझी ताडपत्री!"

सुमती अंगणात आली. डोक्यावर घमेलं धरलेलं. आधी तिला आवाज कुठून येतो ते कळेना. मग तिने वर बघितलं.

"बाय, तुम्ही वर काय करता?"

"चोर बघते."

"दिसला काय?"

"खाली उभा आहे, घमेलं घेऊन."

"ती माझी गेल्या वर्षीची आहे गो. तिला चार ठिगळं आहेत. बघा, एवढ्या वर गेलाच आहात तर मोजा."

मी मोजली. चार होती. (ठिगळं मागून लावता येतात, असं मला वाटलं. पण तेवढ्यात वाडीतून उडालेला एक कच्चा चिकू माझ्या कपाळावर बसला आणि विचार तुटला.)

डोकं आत घ्यायला गेले तर येईना. अंबाडा रिपेच्या खिळ्यात अडकला होता. पाणी माझ्या पाठीवरून लुगड्यात आणि लुगड्यातून माळ्याच्या फळ्यांवर जात होतं. कणगीवर थेंब नाही. तेव्हाच हरेशला शोध लागला की मी बूच आहे.

सुमती घरात आली. ती शिडी चढून वर आली असेल, कारण माझ्या मानेला कोणाचा तरी हात लागला.

"केस अडकलेत. कात्री आणते."

"केसांना कात्री लावलीस तर बघ."

"मग राहा. हरेश, आई आहे तोवर कणगी रिकामी करू. ती निघाली की पाणी परत चालू होणार."

दोघांनी लिंपण फोडल्याचा आवाज आला. पेरणीआधी कणगी फोडली, आणि तीही माझ्या पाठीमागे. पाठीमागे नाही, पायाखाली. मला दिसत होता फक्त पाऊस.

"भाताच्या पाट्या कुठं नेताय?"

"काकीकडे, कोरड्या खोलीत," हरेश म्हणाला.

"सगळ्या?"

"सगळ्या."

"किती झाल्या?"

"बाय, तुम्ही पाऊस सांभाळा," सुमती म्हणाली.

मी ओरडून पाट्या मोजायला लावत होते. अकरा झाल्या, बारा झाल्या. भात कोरडं आहे काय विचारलं, तर कोरडं आहे म्हणाली. माझा विश्वास बसला नाही. मग खालचा आवाजच बंद झाला. सुमती बोलत असते तेव्हा मला संशय येतो, आणि ती गप्प झाली की खात्री होते.

"काय झालं? बोला की."

"बाय," सुमती म्हणाली, "तुमची ताडपत्री सुतळीने बांधलेली होती काय?"

"हो. तीन गाठी. मिळाली ना? कुठं लपवलेलीस?"

"मी नाय. कणगीच्या बुडाला आहे. भाताच्या खाली."

मग मला आठवलं. चैत्रात कणगी भरताना मीच ती तळाशी घातली होती. पेरणीपर्यंत कणगीला कोणी हात लावत नाही, सुमतीसुद्धा नाही, असा माझा हिशेब होता. हिशेब बरोबर होता. पाणी नेमकं कणगीवरच पडेल हे धरलं नव्हतं.

"गाठी तुझ्याच आहेत आई," हरेश म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं.

"आता कात्री आणू?" सुमतीने विचारलं. "आत यायचं असेल ना?"

"घाई नाही," मी म्हणाले.

वादळात बाहेर राहणं मला आत जाण्यापेक्षा बरं वाटलं, असं आयुष्यात एकदाच झालं.

शेवटी तिने एका हाताने शिडी धरून, दुसऱ्या हाताने एकेक बट सोडवली. कात्री लावली नाही. "चोर सापडला काय?" एवढं मात्र विचारलं. ताडपत्री छपरावर गेली. बियाणं तिच्या खोलीत राहिलं, पेरलं, उगवलं. आता कणगी तिच्याकडेच असते आणि लिंपण तपासायला आठवड्यातून एकदा मी "सहज" जाते. ताडपत्रीही तिच्याकडेच असते. कुठं ठेवते ते ती मला सांगत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

त्या वादळात घरात आम्ही तिघं होतो, मी, हरेश आणि सुमती. तिघंही जिवंत आहोत, आणि दोघं अजून मला बूच म्हणतात.