ओद्नीच्या बरणीतला तुकडा

आमच्या खोऱ्यात तुटलेला बोल्ट काढून दिला म्हणून कोणी पैसे घेत नाही. काढणाऱ्याने तो तुकडा ठेवून घ्यायचा, एवढाच रिवाज. आणि काढणारी एकच, ओद्नी. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत खारवलेल्या माशांची एक जुनी, फुगीर पोटाची काचेची बरणी आहे. तिच्यात ते तुकडे. प्रत्येक तुकड्याला दोरा, दोऱ्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि साल. कॉफीला आलेला माणूस ढुंगण टेकायच्या आधी ती बरणी उचलतो, खुळखुळ वाजवतो आणि चिठ्ठ्या वाचून हसत सुटतो. "अरे थोर्लाकुर, एका वर्षात तीन? बोल्ट पिळतोस का मेंढ्यांच्या माना?"

त्या बरणीत माझं नाव नव्हतं. चाळीस वर्षं मी ते येऊ दिलं नव्हतं. कारण खोऱ्यातलं एकुलतं एक गॅरेज माझं आहे. रेक्याविकच्या तंत्रशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर काचेत लावलंय, गाडी उचलायची लिफ्ट आहे, हवेवर चालणारे पाने आहेत. तरी बोल्ट तुटला की लोक माझ्या दारावरून गाडी पुढे काढायचे आणि थेट ओद्नीच्या गोठ्यात न्यायचे. शाळेत पोरांना मासे उकडून घालणारी बाई ही! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

बाई म्हणाल तर उंच, हाडापेराने मजबूत, डोक्यावर बारा महिने लाल लोकरी टोपी. डाव्या कानाने ऐकू येत नाही, त्यामुळे चर्चमध्ये गाताना सगळ्यांच्या अर्धा ठोका मागे असते, आणि ते तिला ठाऊक असूनही मोठ्याने गाते. नवरा गेला, दोन्ही मुलगे राजधानीत. नव्वद मेंढ्या एकटी सांभाळते. कोणाबद्दल वाईट बोलणार नाही. हेच मला सर्वांत जास्त खुपायचं. एखादी तरी खोड असावी की नाही माणसात?

पण खरं दुखणं वेगळंच होतं. माझे वडील, ईस्लेवुर. हे गॅरेज त्यांनी उभं केलं. मी सतरा वर्षांचा होतो, ओद्नी तेवीसची. त्या हिवाळ्यात आणि पुढच्याही, दर गुरुवारी दुपारी ती गॅरेजमध्ये यायची आणि वडील आतून कडी घालायचे. मला म्हणायचे, "केटिल, तू घरी जा, आईला मदत कर." मी बाहेर बर्फात उभा राहून ऐकायचो. आत हातोडीची टकटक, मग बराच वेळ काहीच नाही, मग ओद्नीचं हसणं. पोटच्या पोराला बाहेर काढून हा माणूस परक्या पोरीला आपली विद्या देतोय, हे तेव्हा जे माझ्या डोक्यात बसलं, ते बसलंच. पुढे मी तंत्रशाळेतून प्रमाणपत्र घेऊन आलो, तर वडील काय म्हणाले? "छान झालं. पण तुटका बोल्ट आला तर ओद्नीकडे पाठवत जा."

आणि जाताना? अंथरुणावर, शेवटच्या आठवड्यात. मला वाटलं, आता तरी काही सांगतील. म्हणाले, "फळीवरचा निळा डबा ओद्नीला दे." त्यांचे पंच, सुया, चरबीची मेणबत्ती, सगळं त्या डब्यात असायचं. मी नेऊन दिला. तिने तो घेतला, जसा काही तिचाच होता. त्या दिवशी मी परत येताना गाडीत एकटाच शिव्या घालत होतो.

आता परवाच्या सप्टेंबरची गोष्ट.

दर सप्टेंबरला आमचे लोक घोड्यांवरून वरच्या डोंगरात जातात आणि उन्हाळाभर मोकळ्या चरणाऱ्या मेंढ्या पाच दिवसांत खाली आणतात. जो सगळ्यांच्या पुढे असतो त्याला आम्ही डोंगरराजा म्हणतो. या वर्षी थोर्लाकुर होता. त्यांच्याबरोबर एक ट्रक जातो, त्यात तंबू, स्वयंपाक, घोड्यांचं खाणं, येताना लंगडी मेंढरं. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी थोर्लाकुर तो ट्रक घेऊन माझ्याकडे आला. मागच्या डिफरन्शियलमधून, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दात्यांच्या पेटीतून, तेल पाझरत होतं. "जमेल ना रे? का ओद्नीला..."

"ओद्नीचा काय संबंध?" मी म्हटलं. "गास्केट बदलायचंय. दुपारपर्यंत घेऊन जा."

काम साधंच होतं. डिफरन्शियलचा जड गोळा खाली उतरवला, नवीन गास्केट घातलं, गोळा परत चढवला, दहा बोल्ट लावले. नऊ पिळले. दहावा अगदी तळाशी, तेल जिथे साचतं तिथला. तो नीट बसला होता, देवाशपथ बसला होता. पण थोर्लाकुरचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. पान्याला मी लोखंडी नळी लावली, म्हटलं अजून पाव फेरा.

कट्.

बोल्टचं डोकं माझ्या हातात आणि बाकीचा आत. गोळा पुन्हा उतरवला तर पाहतो, तुकडा पृष्ठभागाशी सपाट. पकडायला नखाएवढंही काही नाही. नऊ बोल्टांवर ट्रक गेला असता, पण वाटेत अकरा ठिकाणी नदी ओलांडायची. तेल बाहेर, पाणी आत, आणि दुसऱ्या दिवशी दाते भुगा. मग बावीस माणसं डोंगरात ना जेवण ना तंबू, आणि रेडिओ तर रविवारी हिमवादळ सांगत होता.

मी काय केलं असेल? तुकड्यात भोक पाडलं आणि तो बाहेर ओढायला त्यात उलट्या आट्यांची खुंटी ठोकून पिळली. घाईघाईने. तीही तुटली. ज्याला हा धंदा माहीत नाही त्याला सांगतो, याहून वाईट काही नसतं. ती खुंटी इतकी कडक की ड्रिल तिच्यावर नुसतं नाचतं. मी खाली बसलो. मला ट्रक दिसत नव्हता, डोंगर दिसत नव्हता. मला ती बरणी दिसत होती, तिच्यात माझं नाव, आणि अख्खं खोरं खुळखुळ वाजवतंय.

माझी बायको वाल्दीस कॉफी घेऊन आली. एक नजर टाकली आणि म्हणाली, "बोलवू का तिला?"

"नाही म्हटलं ना!"

"बरं बाबा. मग तुझ्या शिव्या ऐकून मी अर्ध्या तासापूर्वीच फोन केलाय, हेही सांगत नाही."

ओद्नी आली ती रबरी बुटात, शाळेचा एप्रन तसाच, काखेत निळा डबा. गुडघ्यावर बसून बॅटरी मारली. "हं," म्हणाली, "खुंटीसुद्धा." एवढंच. हसली असती तर परवडलं असतं.

"चल, दाखव," मी म्हटलं, "आमच्या वडिलांनी काय काय शिकवलंय तुला."

तिने माझ्याकडे पाहिलं, टोपी मागे सारली आणि कामाला लागली.

आधी तिने गोळा उतरवल्याने उघड्या पडलेल्या भोकात मूठभर लोकर कोंबली, म्हणजे आत कचरा पडायला नको. मग बारीक पंच लावून त्या कडक खुंटीवर टिकटिक हलके ठोके. कडक असते म्हणूनच ती ठिसूळ असते, हे मलाही माहीत आहे, पण माझा हात हलका पडत नाही. तिचा पडला. खुंटीचे कण सुटले, ते तिने रफूच्या सुईने आणि चुंबकाने वेचले. मग सभोवतालचं लोखंड ज्योतीने तापवलं आणि त्याला मेंढीच्या चरबीची मेणबत्ती टेकवली. चरबी वितळून आट्यांत शिरली, गॅरेजभर वड्या तळल्याचा वास सुटला.

"आता?" मी विचारलं.

"आता कॉफी."

"अगं, कॉफी काय! थोर्लाकुर दारात येऊन उभा राहील!"

"उभा राहू दे. चरबीला वेळ लागतो, तिला थोर्लाकुर माहीत नाही."

तिने दोन कप कॉफी संपवली. मी एका कपाचे दहा घोट केले. मग ती म्हणाली, "तुकड्यावर नट वेल्ड करायचाय. तू कर. वेल्डिंग तुझं माझ्यापेक्षा फार चांगलं आहे."

साठ वर्षांचा माणूस मी, पण तेवढ्या एका वाक्याने इतका फुललो की माझी मलाच लाज वाटली. नट वेल्ड केला. तिने पाना लावला आणि पिळला, उजवीकडे! अजून घट्ट!

"अगं बाई, उलटं!"

"ओरडू नकोस, एकच कान आहे मला. आधी त्याला थोडं आत जाऊ दे, हट्ट सोडू दे. मग बोलवू."

केसभर आत, केसभर बाहेर. परत आत, परत बाहेर. पाच मिनिटं तेच. आणि मग तो तुकडा स्वतःहून चालत आल्यासारखा बाहेर आला. आटे सगळे शाबूत. तिने तो एप्रनला पुसला, डब्यातून दोरा आणि चिठ्ठी काढली, पेन्सिल जिभेला लावली.

"काय लिहू?"

चाळीस वर्षांची राखलेली अब्रू. मी हात जोडायचेच बाकी ठेवले. "ओद्नी, एवढं एक कर. माझं नाव नको. नुसतं 'गॅरेज' लिही."

तिचा हात थांबला. "तूसुद्धा?" ती म्हणाली आणि लगेच ओठ मिटले. ते तोंडून निसटलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"तूसुद्धा म्हणजे? आणखी कोण?"

"जाऊ दे रे. गोळा चढव, उशीर होतोय."

"ओद्नी, आणखी कोण?"

तिने मेणबत्तीची वात बोटांनी चोळली. मग तिने निळा डबा माझ्यापुढे सरकवला. "झाकणाच्या आतून बघ."

आतल्या बाजूला खिळ्याने कोरलं होतं: स्तेइन्वोर, १९४१. स्तेइन्वोर म्हणजे तिची आई.

"आमचं घर समुद्रावर," ती म्हणाली. "खाऱ्या वाऱ्यात एक बोल्ट धड निघायचा नाही. आईने शोधून काढलं होतं हे, चरबीचं, आणि मला शिकवलं. तुझ्या वडिलांना कोणीतरी सांगितलं, म्हणून ते आले. बरणीत अगदी तळाशी चिठ्ठी आहे, 'गॅरेज, १९७९'. सगळ्यांना वाटतं कुठल्या गिऱ्हाइकाची गाडी. तो बोल्ट त्यांनी स्वतः मोडलेला."

"आणि गुरुवारी तू..."

"शिकवायला यायचे मी, त्यांना. दोन हिवाळे. डबा त्यांच्याकडे ठेवला, सराव करा म्हटलं. नाही जमलं त्यांना. घाई फार, तुझ्यासारखीच. मला शपथ घातली होती, पोराला कळू देऊ नकोस, तो मला फार मोठा समजतो."

मला त्यांनी विद्या दिली नाही, कारण त्यांच्याकडे ती नव्हतीच. ज्या पंगतीत मला वाढलं नाही म्हणून मी चाळीस वर्षं कुढलो, ती पंगत बसलीच नव्हती. आणि ही बाई? माझे टोमणे ऐकत गप्प राहिली, बारा वर्षांपूर्वी तो माणूस मातीत गेल्यावरसुद्धा.

"मी तुझ्यावर जळायचो," मी म्हटलं.

"दिसायचं रे. चर्चमध्येसुद्धा दिसायचं."

मी तिच्या हातातून पेन्सिल घेतली आणि चिठ्ठीवर लिहिलं, केटिल, आणि साल. अक्षर चांगलं मोठं काढलं.

ट्रक पहाटे गेला आणि पाच दिवसांनी वादळाच्या पुढे अर्धा दिवस परत आला, तेलाचा एक थेंब न सांडता. मेंढ्यांची वाटणी झाली, जो तो कानाच्या खुणा बघून आपापल्या घेऊन गेला, आणि रिवाजाप्रमाणे सगळे ओद्नीकडे मटणाच्या सुपाला जमले. थोर्लाकुरने ढुंगण टेकायच्या आधी बरणी उचलली. खुळखुळ. मग एकदम बैलासारखा ओरडला, "केटिल! अरे ऐका, ऐका, केटिल!"

काय हसले सगळे! टेबलं बडवली. चिठ्ठी हातोहात फिरली. मी बसून होतो, कान तापले होते. थोर्लाकुर डोळे पुसत म्हणाला, "अरे काय हे! तुझा बाप असता तर काय केलं असतं रे त्याने?"

"त्यांनी?" मी म्हटलं. "त्यांनी ओद्नीला बोलावलं असतं."

पुन्हा हशा उसळला. म्हणाले, केटिल सुधारला. चुलीपाशी ओद्नी सूप वाढत होती. तिचा पळा हवेतच थांबला. मग ती आली, माझ्या वाडग्यात सूप घातलं, सगळ्यांसारखा मटणाचा एक तुकडा घातला, आणि थोडं थांबून आणखी एक.

"ए," समोरून थोर्लाकुर म्हणाला, "त्याला दोन का गं?"