टेकडीवरचं पवन्या गवत आणि माझा जुना लेख

आमच्या नव्या कॉलनीत घरोघरी हिरवी लॉन आणि दिवसाआड टँकर. माझ्या अंगणात मात्र पवन्या गवत! गेल्या वर्षी लासूरकडच्या एका टेकडीवरून सहा ठोंब उपटून आणले. फारसं पाणी न घालता ते तगले, तुरे आले आणि बी टिपायला मुनिया पक्षी येऊ लागले. मग काय, मी शेफारले आणि इथं ब्लॉगवर लेख लिहिला. रस्ता, वळण, टेकडी, सगळं सांगितलं. वर ठसक्यात वाक्य टाकलं, ‘फुकट मिळतं, कुणाला विचारावंही लागत नाही.’ तुम्हाला तो लेख फार आवडला होता.

या श्रावणात पावसानं दडी मारली, आणि मला कुंपणाच्या कडेला आणखी ठोंब हवे होते. रविवारी सकाळच्या गाडीनं निघाले. लासूर स्टेशनला गरम भजी आणि चहा, चाळीस रुपयांत पोटोबा शांत. तिथून रिक्षा मिळते. पुढचा रस्ता मात्र या वेळी सांगत नाही.

टेकडीवर गवतापेक्षा खड्डेच जास्त होते. बाभळीखाली काठी घेऊन एक वयस्क बाई राखण करत बसल्या होत्या. नाव कौसाबाई. माझ्या पिशवीतून खुरप्याचा दांडा डोकावत होता. पकडलं गेल्यावर माणूस सभ्य होतो, तशी मी झाले. थोडं गवत नेऊ का मावशी, असं विचारलं.

त्यांनी आधी तांब्याभर पाणी दिलं. गावालाही टँकरच येतो, हे मला पिऊन झाल्यावर कळलं. मग म्हणाल्या, "तीन साल आमी इथं शेळ्या नाय सोडल्या, ताई. दुष्काळात कामी येईल म्हणून गाव राखत व्हतं. औंदा गाड्या घेऊन माणसं आली अन् उपटून गेली. मोबाईलात वाचलं म्हणत व्हती."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी ओढणीनं घाम पुसत राहिले.

निघताना त्यांनी खड्ड्यांत पेरायला राखलेलं मूठभर बी फडक्यात बांधून माझ्या हातात दिलं.

"ठोंब नका नेऊ, बी न्या. लई आले, पर इचारणाऱ्या तुमी एकट्याच."

परतीच्या गाडीत ती पुरचुंडी मांडीवर होती आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटत होती. घरी पोचले तर मुनिया त्याच गवताची पाती घरट्यासाठी ओढून नेत होत्या. एरवी मी लगेच फोटो काढला असता.

जुना लेख काढून टाकलाय. त्याआधी तो कागदावर उतरवून घेतला. पुरचुंडी सोडलेली नाही. येत्या रविवारी दोन्ही घेऊन कौसाबाईंकडे जायचंय, लेख वाचून दाखवायला. ते विचारण्याबद्दलचं वाक्यसुद्धा, न गाळता.