शेवंताबाईंना द्यायच्या दोन ओळी

ही हकिकत मी इतकी वर्षं कुणालाच सांगितली नाही. घरात त्या वर्षाचा विषय निघाला की मी पेपर उघडून बसायचो, नाहीतर पिशवी घेऊन भाजीला बाहेर पडायचो. सहा आठवड्यांपूर्वी एका सकाळी सुजाताचा फोन आला. "काका, आई गेली. झोपेतच गेली, काही त्रास झाला नाही." मी काहीतरी बोललो, फोन ठेवला, आणि खरं सांगायचं तर वाईट वाटायच्या आधी मनात आलं, की ज्यांना सांगायचं होतं तेच माणूस आता राहिलं नाही. शेवंताबाई म्हणजे सुजाताची आई. हैदराबादेत नारायणगुड्यात आम्ही राहायचो त्या आवारातल्या शेवटच्या खोलीत त्यांचं बिऱ्हाड होतं आणि त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्यांच्यावर चार चांगले शब्द लिहावेत म्हणून बसलो, पण त्या शब्दांच्या आधी एक गोष्ट कबूल केल्याशिवाय पेन पुढे जाईना.

हैदराबाद राज्याचे तीन भाग व्हायचे ठरले, त्या वर्षाची ही गोष्ट. मराठवाडा मुंबईकडे जाणार होता. कचेऱ्यांतल्या मराठी कारकुनांना एक फॉर्म भरून द्यायचा होता: इथंच राहणार की तिकडे जाणार. आमच्या आवारात रोज तीच चर्चा. कुणाच्या दारात ट्रंका बांधलेल्या, कुणी पलंग विकायला काढलेला. माझा थोरला भाऊ अण्णा महसूल खात्यात होता. माझ्याहून एकोणीस वर्षांनी मोठा, मला बापाच्या जागी. मी तेवीस वर्षांचा, नुकताच नोकरीला लागलेला, आणि स्वतःला बराच शहाणा समजणारा. आमचे वडील नांदेडकडच्या गावात शेती करायचे आणि जोडीला झाडपाल्याची औषधं द्यायचे. अंगावरून वारं गेलेल्या माणसाला दूरदूरहून त्यांच्याकडे आणायचे. ते गेल्यावर त्यांची औषधांची वही माझ्याकडे आली होती. ती मला जवळजवळ पाठ होती, आणि आपल्याला हे येतं असा माझा समज होता.

त्या दिवशी सकाळी अण्णा फॉर्म भरायला बसला होता. वहिनी आतल्या खोलीत सामान लावत होत्या. पेन खाली पडल्याचा आवाज आला. मी म्हणालो, "अण्णा, तुझं अजून ठरत नाही का रे?" त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचं अर्धं तोंड खाली ओघळलं. काहीतरी बोलला, पण ते शब्द नव्हते. मग तो उजव्या अंगावर कलंडला. वहिनी धावत आल्या. मी ओळखलं, वारं गेलं. आणि वडिलांच्या वहीत होतं त्याप्रमाणे कामाला लागलो. खिडक्या लावल्या, दार लावलं, कारण अशा माणसाला बाहेरचं वारं लागलं की दुसरी बाजूही जाते, असं आमच्याकडे सगळेच मानायचे. अंगावर दोन घोंगड्या घातल्या. कांदा फोडून नाकाशी धरला. तळपायाला तेल चोळलं. कोंदलेल्या खोलीत अण्णाचा घरघरणारा श्वास तेवढा ऐकू येत होता. असा दीड तास गेला असेल. त्यातला प्रत्येक क्षण मला वाटत होतं, की मी योग्य तेच करतोय.

शेवंताबाई रात्रपाळी करून घरी परतत होत्या. वहिनींचं रडणं ऐकून त्यांनी दार ढकललं. पांढरं लुगडं, हातात डबा. त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या, कारण आमच्या घरात त्यांना कुणी कधी आत या म्हटलं नव्हतं. मग त्यांचं लक्ष अण्णाकडे गेलं आणि त्या सरळ आत आल्या. त्याचा हात उचलून सोडला, हात धपकन पडला. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "दत्ताभाऊ, कुशीवर वळवा त्यांना. तोंडात कायबी घालू नका, पाण्याचा थेंबसुद्धा नको. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं."

"बाहेर वारं सुटलंय," मी म्हणालो. "अशा वेळी हलवत नाहीत."

"कोण हलवत नाही?"

"आमच्या वडिलांनी शेकडो माणसं बरी केलीत बाई. तुम्हाला दवाखान्यातलं ठाऊक, आम्हाला घरातलं ठाऊक."

त्या माझ्याशी वाद घालत बसल्या नाहीत. वहिनींकडे वळून म्हणाल्या, "वैनी, युसूफभाईच्या रिक्षाला पडदा हाय. बायामाणसांसाठी लावलाय तो. चारी बाजूंनी पडदा टाकू, वाऱ्याची झुळूक लागायची नाही. चालेल ना?" वहिनींनी डोळे पुसत मान हलवली. आज विचार करतो तेव्हा वाटतं, असं शहाणपण मी कुठल्याच वहीत वाचलं नाही. आमची समजूत खोडायला त्यांच्याकडे वेळ नव्हता, म्हणून तिला पडदा लावून त्या आम्हाला बाहेर काढणार होत्या. अण्णाला त्यांनी स्वतः कुशीवर वळवलं, आणि रिक्षा आणायला पळाल्या. वहिनी अंथरूण बांधायला आत गेल्या.

खोलीत मी आणि अण्णा दोघेच उरलो. चुलीवर लसूण-सुंठेचा काढा मी आधीच उकळत ठेवला होता. मला राग आला होता. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी बाई, तीही आमच्यातली नव्हे, माझ्या घरात येऊन वहिनींसमोर मला शिकवून गेली... तेही त्या रागात होतं, ते वगळून चालणार नाही. मी अण्णाला पुन्हा उताणा केला, काढ्यात मध घातला आणि पितळी चमच्यानं त्याच्या तोंडात घातला. एक चमचा. दुसरा चमचा. त्याला गिळता येत नव्हतं. तो डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होता, डावा हात हलवत होता, आणि मला वाटलं, औषध लागू पडतंय. तिसऱ्या चमच्याला त्याला ठसका लागला आणि चेहरा काळानिळा झाला.

शेवंताबाई आल्या त्या तेव्हाच. त्यांनी मला बाजूला लोटलं, अण्णाला कुशीवर केलं, तोंडात बोट घालून सगळं बाहेर काढलं, पाठीवर थापा मारल्या. तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. त्यांना दिसलं ते एवढंच: नवऱ्याच्या तोंडात शेवंताबाईंचं बोट, आणि त्याचा जीव घुसमटतोय. सगळ्या खोलीत लसणाचा वास भरला होता. शेवंताबाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "चादर धरा तिकडून." दारात युसूफभाई ओरडत होता, "अरे मियाँ, नक्को देर करो, उठाओ जल्दी!"

दवाखान्यात डॉक्टर चिडले. छातीत काहीतरी गेलंय म्हणाले. "तोंडात काय घातलं याच्या? कुणी घातलं?" वहिनी रडत रडत म्हणाल्या, "या बाईंनी बोट घातलं होतं." डॉक्टरांनी शेवंताबाईंकडे पाहिलं. शेवंताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत राहिलो.

अण्णा वाचला. छातीचा ताप तीन आठवडे हटला नाही, पण वाचला. उजवा हात आणि वाचा मात्र गेली. इकडे शेवंताबाईंवर चौकशी लागली, की ड्यूटी नसताना रुग्णाच्या तोंडात काहीबाही घालून त्याचा जीव धोक्यात घातला. त्या एका दुपारी आमच्या दारात आल्या. "दत्ताभाऊ, मेट्रन म्हणती, घरच्यांकडून दोन ओळी लिहून आणा. मी कायबी पाजलं नाही, एवढंच लिवा. कुणी पाजलं ते लिवू नका, मला त्याच्याशी काम नाही. आमच्या मालकांची बदली नांदेडला झाली. माझंबी नाव त्या यादीत हाय, पण चौकशी मिटल्याशिवाय सोडत नाहीत."

मी म्हणालो, "उद्या देतो."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा म्हणालो, "आज गडबड आहे, उद्या नक्की." मग मी सायकल मागच्या बोळातून काढू लागलो. मला भीती होती, की त्या दोन ओळी लिहिल्या की तिसरी कुणीतरी विचारणारच. यादी बंद झाली. त्यांचे यजमान एकटे नांदेडला गेले. दोन वर्षांच्या सुजाताला घेऊन शेवंताबाई इथं राहिल्या. चौकशी पुढे कुठल्याशा कपाटात पडून आपोआप मिटली, पण तोवर त्यांना वॉर्डातून काढून चादरींच्या कोठारात बसवलं होतं. यजमानांना इकडे परत यायला तीन वर्षं लागली. त्या सगळ्या काळात आवारातल्या बायका त्यांना बोलवत नव्हत्या, आणि मी रोज त्यांच्या दारावरून खाली मान घालून जात होतो.

आणि तरीही त्या अण्णासाठी आल्या. दवाखान्यातून घरी आणल्यावर चौथ्या दिवशी दारात उभ्या राहून वहिनींना म्हणाल्या, "कणीक मळता ना रोज? त्यातला एक गोळा यांच्या उजव्या हातात द्या." वहिनींनी मान फिरवली. पण आतून अण्णानं डावा हात वर करून त्यांना बोलावलं, आत, पलंगापाशी. त्या दिवसापासून रोज दुपारी अर्धा तास त्या अण्णाची बोटं एकेक करून कणकेत दाबून घ्यायच्या. "दाबा अण्णा. ही काय कचेरी हाय? इथं टंगळमंगळ चालायची नाही." अण्णा तोंडाच्या एका बाजूनं हसायचा.

मी हे सगळं दारातून बघायचो. एक गोष्ट मी स्वतःशीही फार उशिरा कबूल केली. अण्णाची वाचा गेली, याचं तेव्हा मला मनातून बरं वाटलं होतं. तो शुद्धीवर होता, चमचा कुणी धरला होता ते त्यानं पाहिलं होतं. त्याचा एकेक शब्द परत येऊ लागला तसा मी धास्तावत गेलो. पण अण्णा कधीच काही बोलला नाही. फक्त त्यानंतर त्यानं आयुष्यात चमच्यानं काही घेतलं नाही. औषधसुद्धा वाटीनं प्यायचा. वहिनी म्हणायच्या, आजारानं यांना एक खूळ लागलंय. शेवंताबाई ऐकायच्या आणि गोळा मळत राहायच्या.

वर्षभरानं अण्णा डाव्या हातानं सही करू लागला, कचेरीत परत गेला. फॉर्म तसाच राहिला होता, आम्ही हैदराबादचेच झालो. त्यानंतर तो चांगला तीस-बत्तीस वर्षं जगला. शेवंताबाई कोठारातून पुन्हा वॉर्डात गेल्या, मोठ्या सिस्टर झाल्या. निवृत्तीनंतर नारायणगुड्यापासून पार कोठी मोहल्ल्यापर्यंत कुणाच्या घरी बोलावलं की जायच्या आणि बायकांना एकच धडा द्यायच्या: "हसून दाखवा म्हणायचं, तोंड वाकडं होतंय का बघायचं. दोन्ही हात वर करायला लावायचे, एक खाली येतोय का बघायचं. नाव विचारायचं, जीभ अडखळती का बघायचं. यातलं एकबी झालं तर वेळ बघून ठेवायची आणि गाडी बोलवायची. कांदा नको, काढा नको, पाणी नको. कुशीवर वळवा आणि निघा." आता गुठळी विरघळवणारी औषधं आहेत, ती पहिल्या काही तासांतच द्यावी लागतात. अलीकडे एका ओळखीच्या डॉक्टरांना मी दुसऱ्याच कुणाची गोष्ट म्हणून हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्या काळी लवकर नेलं असतं तरी हात वाचलाच असता असं नाही. पण छातीत जे गेलं, ते मात्र काढ्यानंच." निम्मं ओझं उतरलं. निम्मं माझंच होतं, ते राहिलं.

गेल्या संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. ठरवूनच गेलो होतो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, जी अण्णाच्या आजारानंतर काही आठवड्यांतच त्यांच्या खोलीत आली होती, तीच. त्या खिडकीशी बसल्या होत्या. सुजातानं चहा ठेवला. मी म्हणालो, "शेवंताबाई, मला तुम्हाला त्या दिवसाचं... त्या दोन ओळींचं..."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग हसल्या, अगदी मोठ्यानं. "आज नको हो दत्ताभाऊ, उद्या द्या. तुमचं उद्या कधी उजाडतंय ते बघायलाच तर मी जिवंत हाय." मलाही हसू आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं त्या गोष्टीवर एकत्र हसलो. छाती एकदम मोकळी झाली. आणि त्या मोकळेपणात मी चहा प्यायलो, सुजाताच्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोललो, आणि जे बोलायला गेलो होतो ते न बोलताच उठून आलो.

त्या गेल्यावर आठवडाभरानं मी वहिनींना सगळं सांगितलं. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, माझ्याच घरी असतात. कणीक मळत होत्या. मळायच्या थांबल्या नाहीत.

"ठाऊक आहे मला," म्हणाल्या. "काढ्याचं भांडं कुणी घासलं, भाऊजी? तळाशी लसूण होता."

"मग बोलला का नाहीत?"

"घरात तुम्ही एकटे कमावते होता तेव्हा. आणि वाटलं, आज बोलाल, उद्या बोलाल." मग म्हणाल्या, "त्या बाईच्या पाया पडायला हवं होतं मीसुद्धा..."

मला वाईट वाटत होतं, पण हलकंही वाटत होतं. सुजातालाही मी सांगितलंय. ती म्हणाली, "काका, लिहा तुम्ही. आईला छापलेलं वाचायला आवडायचं."

अण्णा जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वहिनी रोज कणकेचा एक गोळा वेगळा काढून ताटलीत ठेवतात. हल्ली तो मी घेतो. माझी बोटं आखडायला लागलीत. आजही तो आधी दाबला आणि मगच पेन धरलं. तर शेवंताबाई, या तुमच्या दोन ओळी. त्या दिवशी सकाळी अण्णाला तुम्ही काहीही पाजलं नाही. जे पाजलं ते मी पाजलं, आणि तुम्ही बाहेर काढलं. तिसरी ओळ तुम्ही मागितली नव्हती, पण तीच द्यायला मी संक्रांतीला तुमच्याकडे आलो होतो: माझं चुकलं, मला माफ करा.