वीतभर उरलेला चेंडू

व्हिटबीच्या गोल्फ क्लबवर माझी मॅच एका म्हाताऱ्याशी लागली. तरुणपणी मॅच प्लेची, म्हणजे दोघांनी समोरासमोर एकेक होल जिंकत खेळायची, जुनी, नावाजलेली प्रोफेशनल चँपियनशिप खेळलेला माणूस. आता हात थरथरायचे. माझा चेंडू होलजवळ आला की तो मारू द्यायचा नाही. "उचल. आत गेला असं धरू. चँपियनशिपमध्येही आम्ही एवढं सोडायचो."

शेवटच्या होललाही त्याने माझा चेंडू असाच सोडला. मग त्याचा वीतभर उरला. तो आत गेला की मॅच बरोबरीत. त्याने माझ्याकडे पाहिलं. "उचला," एवढंच म्हणायचं होतं मला. मी वाकून बुटाची न सुटलेली लेस बांधत बसलो.

त्याचा चेंडू हुकला. टोपी काढून त्याने माझा हात हातात घेतला. "छान खेळलास!" मला वर बघवेना.

घरी मुलीने विचारलं, "हू वन, बाबा?"

"बरोबरीत सुटली," मी म्हणालो.